सुमनच्या हातावरची छडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी — हे मात्र न विचारताही सगळ्यांना सांगत आलो.

दुष्काळ नुकता सरला होता. वालूरकडच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. दहावीला इंग्रजी वाक्प्रचार होते, त्यांचे मराठी अर्थ सांगायचे. त्यातला ‘टेक टू टास्क’ मला येत नव्हता. डिक्शनरी हेडमास्तरांच्या कपाटात. मागायची कशी? बौद्धवाड्यातून आलेला मास्तर, त्याला येत नाही — असं कुणी म्हणायला नको. म्हणून फळ्यावर ठोकून दिलं: कामाला लावणे.

पुढं तपासणीला साहेब आले. त्यांनी नेमका तोच विचारला. हात वर केला सुमननं. वर्गात पहिली यायची ती. “कामाला लावणे,” खणखणीत म्हणाली.

साहेब हसले. “खडसावणे, बाई! कुणी शिकवलं हे?”

काय बोलायला हवं होतं? मी म्हणालो, “मी असं शिकवलं नव्हतं, साहेब.” आणि छडी उचलली. सगळ्या वर्गाला खरं ठाऊक होतं. तिनं हात पुढं केला — माझ्याकडं बघत.

एवढंच असतं तर... पण एवढंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप आला, किसन. गंगाखेडकडं ऊसतोडीला निघाला होता. “जयभीम, सर. मारलं ते बेस केलं. पोरगी तर काईच सांगंना. लय शिकायचं म्हनायलीय. हिला शाळंत ठिवू, का संगं नेऊ? तुमी आपले मानूस. तुमी म्हनाल तसं.”

आपला माणूस! ती राहिली तर रोज समोर बसणार, तशीच बघणार. कधीतरी बोलणार.

“इंग्रजीत कच्ची आहे,” मी म्हणालो. “पास होणं अवघड.”

“मंग ऱ्हाऊ द्या शाळा,” किसन म्हणाला. माझ्यापुढं हात जोडून गेला.

ती परत आली नाही. बापानं पोरीची शाळा सोडवली, असं गावात म्हणायचे. मीही मान हलवायचो. त्यानं नाही सोडवली. त्यानं विचारलं होतं. सोडवली मी.