भक्तपूरहून आणलेला निरोप

परदेशात जाऊन आले आहे असं सांगितलं की लोक आधी कौतुकानं बघतात, आणि नेपाळ म्हटलं की हसतात. पण एकोणीसशे नव्वदच्या आसपास धुळ्याच्या एका शाळेतल्या बाईला नेपाळ पुष्कळ लांब होतं.

बरोबर माझी मैत्रीण होती. ती पिंपळनेरची. धुळ्याला अध्यापक विद्यालयात आम्ही एका खोलीत राहायचो, आणि नोकरी लागल्यावरही दर शनिवारी ती बसनं माझ्याकडे यायची. तिची आई ती चार वर्षांची असताना गेली. लग्न तिनं केलं नाही. वडिलांचं करता करता राहूनच गेलं. आबा, तिचे वडील, गेल्यावर वर्षभरानं ती एकदम म्हणाली, "मला कुठंतरी लांब जायचंय. तू येतेस का?" जळगावहून एक यात्रा कंपनी नेपाळला माणसं नेत होती. माझ्या सासूबाईंनी पशुपतिनाथाचं नाव ऐकलं आणि लगेच परवानगी दिली.

काठमांडूत तिसऱ्या दिवशी बाकीची मंडळी बाजारात खरेदीला गेली. आम्हाला खरेदीचा कंटाळा. धर्मशाळेच्या दारातून एक मिनीबस भक्तपूर दाखवायला निघत होती, सकाळी जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत. आम्ही चढलो. बसमध्ये बाकी सगळे गुजराती आणि मारवाडी. गाईड तिशीचा असेल, डोक्यावर नेपाळी टोपी, बोलणं हिंदीत. खूप भरभर बोलायचा.

भक्तपूर म्हणजे सगळं विटांचं शहर. रस्ते विटांचे, चौक विटांचे, खिडक्यांना इतकी कोरीव लाकडं की बघताना मान दुखावी. एका चौकात मडकी उन्हात वाळत घातलेली. पाच मजली उंच देवळाच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी दगडी पहिलवान, हत्ती, सिंह. त्या पायऱ्या चढताना मैत्रिणीनं माझा दंड धरला आणि पाय सुजले, आणखी किती देव दाखवतो हा, असं आमच्या अहिराणीत कुरकुरली, "मना पाय बठ्ठा सुजी ग्यात. आखो किती देव दखाडस हाऊ?"

दोन पायऱ्या वर असलेला गाईड वळला.

"आते एकच राह्यना, ताई. मंग दही खावाले जाऊत."

आम्ही दोघी जागच्या जागी उभ्या. मैत्रीण आधी लाजली, मग इतकी हसली की खालीच बसली. गाईडही हसत होता, पण त्याचे डोळे भरले होते. त्यानं विचारलं, "तुम्ही कोठल्या शेतस?"

मी धुळं म्हटलं. तो एक पायरी खाली आमच्याकडे उतरला. मग विचारलं, "पांझराले पानी राहस का आते?" पांझरा म्हणजे आमच्या धुळ्याची नदी.

त्याची गोष्ट त्यानं आम्हाला दह्याच्या दुकानात सांगितली. बाकीचे प्रवासी बाहेर फोटो काढत होते. त्याचे वडील धुळ्याला एका कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यात फाटकावर पहारेकरी होते. कारखान्यामागच्या चाळीत एक खोली. तो सहा वर्षांचा असताना आई तापानं गेली. शेजारच्या खोलीत एक बाई राहायची, सगळी चाळ तिला अक्का म्हणायची. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा कारखान्यात हमाल. त्या अक्कानं याला आपल्या ताटात जेवायला घेतलं ते सात वर्षं. आधी तो अहिराणी शिकला, मग नगरपालिकेच्या शाळेत मराठी. तेराव्या वर्षी वडिलांनी काम सोडलं आणि त्याला घेऊन गावी परतले.

"निघताना मी तिला सांगितलंच नाही," तो आता मराठीत बोलत होता, शाळेतल्या मुलासारखं नीट. "बाप म्हणाला, सांगशील तर ती रडेल. सकाळी ती पाण्याला गेली होती तेव्हा आम्ही निघालो."

त्यानं आम्हाला चाळीची खूण सांगितली. मैत्रिणीनं ती, आणि खाली त्याचा पत्ता, तिच्या डायरीत लिहून घेतला. माझ्याकडे दिरांचा कॅमेरा होता, त्यावर आम्ही देवळापुढे त्याचा फोटो काढला. बसमध्ये चढताना तो मला म्हणाला, "ताई, ती असेल तर सांगा, मी येणार आहे."

परत आल्यावर मी लगेच गेले नाही. शाळा सुरू झाली, रोल धुवायला टाकायचा राहिला, घरात पाहुणे. खरं म्हणजे ती बाई नसेलच, असं मला वाटत होतं. मैत्रीण मात्र दर शनिवारी विचारायची. शेवटी तिनं स्वतः फोटो धुऊन आणले आणि मला हाताला धरून रिक्षात बसवलं.

कारखाना बंद पडला होता. फाटकाला गंज, आत बाभळी. पण मागची चाळ होती, आणि टोकाच्या खोलीच्या उंबऱ्यावर एक बारीकशी म्हातारी ज्वारी पाखडत बसली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. डोळ्यांत मोतीबिंदू. मैत्रिणीनं जवळ बसून सांगितलं, अक्का, तुमच्या शेजारी नेपाळी राहायचे, त्यांचा मुलगा आम्हाला भेटला.

अक्काचं सूप हातातच थांबलं.

"उना का तो?" तो आलाय की काय म्हणून तिनं आमच्या मागे बघत विचारलं.

आम्ही फोटो दिला. तिनं तो डोळ्यांशी नेला, लांब धरला, मग बोटांनी चाचपत राहिली. दिसत काहीच नव्हतं. मैत्रीण तिला सांगत गेली, टोपी घातली आहे, मिशी आहे, अंगानं भरला आहे. "दुबया नही ना?" अक्का पुन्हापुन्हा विचारत होती. मग मी त्याचा निरोप सांगितला, येणार आहे म्हणून.

"कव्हय?"

तो चेहरा बघून मला राहवलं नाही. मी म्हणाले, "दिवाळीले येई."

बाहेर पडल्यावर मैत्रीण रिक्षा स्टँडपर्यंत माझ्या पुढे पुढे चालत गेली. मग म्हणाली, "असं का सांगितलंस? तो दिवाळी म्हणाला होता का?"

"बिचारीला बरं वाटावं म्हणून."

"आता ती वाट बघत बसेल. एवढी वर्षं ती वाट बघत नव्हती गं. विसरली नव्हती, पण वाट बघत नव्हती."

तिचं बरोबर होतं. त्या दिवाळीला अक्कानं शेव, अनारसे केले, दिसत नाही म्हणून नीट तळले गेलेत का ते शेजारणीकडून बघून घेतलं. मला हे मैत्रिणीनं सांगितलं, कारण मी गेलेच नाही. मला तोंड दाखवायची लाज वाटली. मैत्रीण जात राहिली. शनिवारी ती माझ्याकडे यायची ती आता आधी चाळीत जायला लागली, मग उशिरानं माझ्याकडे, पुढे पुढे मुक्कामही तिकडेच. अक्काच्या वतीनं ती भक्तपूरला पत्रं लिहायची. त्याची उत्तरं मराठीत यायची. वडिलांना अर्धांगवायू झाला आहे, त्यांना सोडून निघता येत नाही. पुढच्या वर्षी नक्की. मग लग्न झालं, मग मुलगी झाली, तिचं नाव त्यानं अक्काचंच ठेवलं. मैत्रिणीनं ते वाचून दाखवल्यावर अक्का पदर तोंडाला लावून खूप वेळ हसत होती म्हणे.

कधी कधी मला दोघींचा हेवा वाटायचा. माझं घर भरलेलं होतं, दोन मुलं, सासू, नवरा. तरी शनिवारच्या संध्याकाळी पिंपळनेरच्या बसची वेळ झाली की माझं लक्ष दाराकडे असायचं. एकदा मी तिला तसं म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "तू पण ये ना. अक्का तुझं नाव काढते. दिवाळीवाली बाई म्हणते तुला." ते ऐकून तर मला आणखीच जाववेना.

सहा दिवाळ्या गेल्या. सातवीच्या आधी, आश्विनात, अक्का दोन दिवसांच्या आजारपणात गेली. मी तेव्हा गेले. मैत्रिणीनंच तिचे हातपाय सरळ केले होते आणि ती भिंतीला टेकून बसली होती, पोटच्या मुलीसारखी.

तेरावं झाल्यावर ती माझ्याकडे आली. म्हणाली, "हे पत्रानं कळवायचं नाही. आपण दोघी जाऊ. त्याला समोर बसवून सांगू. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

माझ्या मोठ्याची दहावी होती. मी म्हटलं, उन्हाळ्यात बघू. तिनं पिशवी उचलली, आणि बसची वेळ झाली म्हणाली. उन्हाळ्यात तिची बदली नवापूरच्या बाजूला झाली, आणि नेपाळला ती एकटी काही गेली नाही.

शेवटी पत्र मीच लिहिलं. चार वेळा फाडलं. त्यात अक्का गेल्याचं कळवलं आणि दिवाळीचं सगळं खरं सांगितलं, की ते माझं बोलणं होतं, तुमचं नव्हतं, आणि तिनं तुम्हाला दोष दिला नाही. पोस्टात टाकायला मी स्वतः गेले. उत्तर आलं नाही. पत्र पोहोचलं की नाही, हेही मला माहीत नाही.