रावजीतात्यांनी न दिलेलं उत्तर

१९५७ च्या जूनमध्ये निरवांगीच्या शाळेवर माझी बदली झाली. तेव्हा गावात रेडिओ एकच होता. तो ग्रामपंचायतीच्या खोलीत असायचा आणि त्याची किल्ली रावजीतात्यांकडे असायची. तात्यांचं घराणं मेंढरं राखणारं. वडलांपर्यंत सगळे मेंढरांमागं हिंडले. कालव्याचं पाणी आल्यावर घर शेतीला लागलं. तात्या स्वतः मराठी सातवी झालेले, लढाईत पलटणीच्या वायरलेसवर चार वर्षं काम केलेले. म्हणून सरकारी खात्यानं रेडिओ दिला तेव्हा तो त्यांच्याच ताब्यात आला. दर पंधरा दिवसांनी ते बॅटरी सायकलच्या कॅरियरला बांधून बारामतीला चार्जिंगला न्यायचे. ॲसिडनं त्यांच्या धोतराला भोकं पडली होती.

पन्नाशीकडं झुकलेला, कमी बोलणारा माणूस. रेडिओ लावला की लोक त्याच्यासमोर बसत, तात्या मात्र बाजूला, उजवा कान पेटीकडं करून. कार्यक्रम संपला की लोक उठून जायचे. तात्या बटण फिरवून दोन स्टेशनांच्या मधल्या जागी आणायचे आणि नुसती खरखर ऐकत बसायचे. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "सवय हाय गुरुजी. ड्यूटीवर आठ-आठ तास हेच ऐकायचो."

त्यांच्या लढाईबद्दल गावाला याहून जास्त काही माहीत नव्हतं. त्यांची बायको फुलाबाई, तिलाही नव्हतं.

१९५९ ची दिवाळी झाली आणि मी सुट्टीवरून परतलो. येताना पुण्याच्या वर्तमानपत्राचा एक अंक आणला होता. त्यात विलायतेतल्या एका प्रचंड दुर्बिणीबद्दल लेख होता. ही दुर्बीण काचेची नव्हती. उसाच्या रसाची कढई असते तशी लोखंडी, पण आपलं अख्खं गावठाण झाकेल एवढी मोठी. ती आकाशाकडं बघत नाही, ऐकते. ताऱ्यांमधून रेडिओच्या लहरी येतात, त्या पकडते. दोन वर्षांपूर्वी रशियानं कृत्रिम चंद्र सोडला, तेव्हा त्याच्या मागावर हीच होती. आणि आता दोन शास्त्रज्ञांनी असं लिहिलं होतं की, दुसऱ्या एखाद्या सूर्याभोवती आपल्यासारखी शहाणी वस्ती असेल आणि ती हाका मारत असेल, तर त्या अशा कढईत ऐकू येतील. तेव्हा ऐकायला सुरुवात करावी. बाकीच्या शास्त्रज्ञांत यावरून वाद लागला होता.

संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम संपल्यावर मी तो लेख वाचून दाखवला. समोर पंधरा-वीस माणसं होती. तात्यांनी एकच प्रश्न केला.

"म्हणजे गुरुजी, ही खरखर वरनं येती?"

"सगळी नाही. पण थोडी ताऱ्यांतून येते असं लिहिलंय."

"आमाला साहेब सांगायचा, आभाळातल्या इजांची हाय," ते म्हणाले.

मग आमच्यातही वाद लागला. कुंडलिक भाजीची गाडी घेऊन बाजार करायचा. तो म्हणाला, "वर कोण बसलंय हाका मारायला? हितं तालुक्याला अर्ज केला तर कोण ऐकत न्हाय." लोक हसले. दत्तोबा पाटलांचं म्हणणं वेगळं होतं. "आसंल बी कोणी. पर आपुन वळख दिऊ नये. इंग्रज बी पयल्यांदा दुकान टाकायलाच आला हुता. त्येला आपला ठावठिकाणा कळला की संपलं."

मी तरुण होतो, विज्ञानाचा अभिमानी होतो. मी म्हणालो, "पण पाटील, ओळख द्यायला कोण सांगतंय? नुसतं ऐकायचं. हाक आली तरी उत्तर द्यायचं नाही. आपण ऐकलं हे त्यांना कळणारसुद्धा नाही. त्यात कुणाचं काय नुकसान?"

तात्यांनी रेडिओ बंद केला.

"नुकसान हाय गुरुजी," ते म्हणाले. "मी ऐकलंय तसं."

आणि मग या माणसानं, पंधरा वर्षांत बायकोलाही न सांगितलेलं, सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज वर केला नाही.

१९४४ च्या मार्चमध्ये त्यांची पलटण ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर जंगलातून मागं सरत होती. सहाशे माणसं. एका टेकडीवर अकरा जणांची चौकी पुढं ठेवली होती, आणि तिच्या वायरलेसवर होता नरसिंहपूरचा मानसिंग. दोघं एकाच तालुक्यातले, एकाच दिवशी भरती झालेले. पहाटे जपान्यांनी टेकडीला वेढा घातला. इकडं साहेबानं हुकूम दिला की सेट उघडा ठेवा, पण बोलायचं बटण दाबायचं नाही. आपण बोललो की शत्रूला आपली दिशा कळते आणि तोफा येतात.

"मानसिंग सकाळधरनं बोलवत हुता," तात्या म्हणाले. "आदी कायद्यापरमानं, नंबर सांगून. दुपारपातुर कायदा संपला. माझं नाव घिऊन बोलाय लागला. रावजी, ऐकतुयास का? आमी चौघंच ऱ्हायलोय. मग म्हनला, बोलू नगंस, नुसतं एकदा बटन दाब. खट्ट वाजलं की मला कळंल, कोनतरी हाय म्हनून."

"मग?" कुंडलिकनं विचारलं.

"बोट बटनावर हुतं. न्हाय दाबलं."

दत्तोबा म्हणाले, "तुमी काय करनार तात्या? हुकूम हुता. सहाशे मानसं हुती."

"व्हय. सहाशे वाचली. त्यात मी बी हाय." त्यांनी खोलीची किल्ली काढली. "चला, कुलूप लावायचंय."

एवढ्यावर ते थांबलं असतं. पण कुंडलिकची सासुरवाडी नरसिंहपूरची. तो वाईट मनाचा नव्हता. त्यानं बायकोला सांगितलं, बायकोनं माहेरी सांगितलं, आणि मार्गशीर्षात एका दुपारी बैलगाडीतून एक बाई आमच्या शाळेपाशी उतरली. चौतिशीची, उन्हानं काळवंडलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं रावजीतात्यांचं घर विचारलं. मी वाट दाखवायला बरोबर गेलो. नाव विचारलं तर म्हणाली, "सारजा. मानसिंगची मालकीन."

तेव्हा मला कुंकवाचा अर्थ कळला.

मानसिंगच्या घरी आलेल्या सरकारी कागदात 'बेपत्ता, मृत समजावे' असं लिहिलेलं होतं. 'समजावे' म्हणजे नक्की ठाऊक नाही, असं सारजाबाईनं धरलं. घरात कुणाचं ऐकलं नाही. बांगड्या फोडू दिल्या नाहीत.

तात्या ओट्यावर दोरखंड वळत होते. तिला पाहून उठून उभे राहिले.

"या वयनी."

ती बसली नाही. फुलाबाईंनी पाण्याचा तांब्या आणला, तो तिनं हातात घेतला नाही.

"भावजी, कुंडलिक म्हनतो ते खरं हाय का?"

"व्हय."

"तुमी पलटनीतनं सुटून आला तवा पयल्यांदा आमच्याकडंच आला हुता. मी इचारलं, मालक कुठं दिसलं का? तुमी म्हनला, आमची पलटन येगळी हुती."

"व्हय वयनी. म्हनलो."

"त्याच्यामागं दर नरसिंह जयंतीला येत हुता. माझ्या हातची भाकर खाऊन जात हुता. तेरा वर्सं."

तात्यांनी हातातला दोर खाली ठेवला.

"कागूद आला तवा मी एकोणीस वर्सांची हुते," सारजाबाई म्हणाली. "मामंजींनी दोनदा मानूस आनला. पाट लावून देतो म्हनलं, लेकीसारखी पाठवतो म्हनलं. मी न्हाय म्हनलं. मालक आलं तर काय तोंड दावू? तुमाला तवा ठावं हुतं."

"ठावं हुतं. त्या टेकडीवरनं कोन बी खाली आलं न्हाय."

"मग का न्हाय सांगितलं?"

ओट्याच्या खांबाला धरून तात्या उभे होते. "मेला म्हनून सांगितलं असतं, तर कसा मेला ते इचारलं असतं. मग ऐकलं ते सांगावं लागलं असतं. तुमच्या कपाळाकडं बघून तोंड उघडंना. पुढच्या साली सांगू, पुढच्या साली सांगू, आसं करत गेलो."

मग तिनं विचारलं, "शेवटाला माझं नाव काढलं का?"

मला वाटलं, आता तरी या माणसानं खोटं बोलावं. मी त्यांच्याकडं बघतसुद्धा होतो तसा.

"न्हाय वयनी," तात्या म्हणाले. "पानी मागत हुता. मग बॅटरी उतरली."

तिनं मान हलवली. जणू हिशेबातलं एक उत्तर मिळालं, आता पुढचं विचारायचं. तारीख विचारली. तात्यांनी ताबडतोब सांगितली, वारासकट. मी शाळेत जाऊन जुनी पंचांगं धुंडाळली आणि तिथी काढून कागदावर लिहून दिली. कागद घडी करून तिनं कनवटीला खोचला.

"मी संगमावर करनार हाय त्येंचं," ती जाताना म्हणाली. "तुमी येऊ नगा. आन जयंतीला बी येऊ नगा."

गाडी ओढ्यापलीकडं जाईपर्यंत तात्या उभेच होते. फुलाबाई उंबऱ्यात बसून राहिल्या. मला त्या एवढंच म्हणाल्या, "ह्येंच्याबर इतकी वर्सं संसार केला गुरुजी. मला ठावं पायजे हुतं."

नरसिंहपूरला भीमा-नीरेच्या संगमावर सारजाबाईनं विधी केले. कुंडलिक गेला होता. तो सांगत होता की तिनं कुंकू स्वतःच्या हातानं पुसलं, कुणा बाईला हात लावू दिला नाही. आणि रडली नाही. परत आल्यावर तो तात्यांच्या ओट्यावर जाऊन बसला, माझ्यामुळं झालं म्हणाला. तात्या म्हणाले, "तुझ्यामुळं नव्हं. झालं ते उशिरा झालं."

पुढच्या आठवड्यात त्यांनी रेडिओची किल्ली पंचायतीत नेऊन दिली. दत्तोबांनी खूप समजावलं. बॅटरी कोण सांभाळणार, विचारलं. तात्यांनी कुंडलिकला दोन दिवस बसवून सगळं शिकवलं, पण बॅटरीच्या ॲसिडात पाणी किती घालायचं ते त्याला कधी जमलं नाही. फेब्रुवारीपर्यंत बॅटऱ्या गेल्या. नव्यांसाठी अर्ज केला होता. लोक काही दिवस सवयीनं येऊन बसत, मग यायचे थांबले.

तात्या माळेगावच्या साखर कारखान्यावर रखवालदार म्हणून लागले. फुलाबाई निरवांगीतच राहिल्या, शेताकडं बघायला, असं लोकांना सांगत. माझी बदली झाली तेव्हा बारामतीला जाताना मी मुद्दाम त्यांना भेटलो. गळीत चालू होतं. फाटकाबाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग, आतून यंत्रांचा घरघराट. या गोंगाटात बोलायला मला ओरडावं लागत होतं. त्यांना हे काम बरं वाटतंय, असं ते म्हणाले. हितं काय बी ऐकू येत न्हाय, म्हणाले.

मी निघताना त्यांनी विचारलं, "वयनींचं काय कळलं?"

घरात जावेशी पटेना, म्हणून त्या भावाकडं राहायला गेल्या, एवढं मी ऐकलं होतं. ते सांगितलं. कुठल्या गावी, ते त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. त्यांनी मान डोलावली, आणि फाटकाशी अडलेल्या एका गाडीवानाला वाट करून द्यायला गेले.