परत पोट उघडण्याआधी

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या, असं म्हणणार नाही. मला जे म्हणायचंय ते मला म्हणता येतं.

बायकोच्या पित्ताशयात खडे झाले होते. जेवण झालं की कळ यायची आणि ती भिंतीला डोकं टेकून उभी राहायची. मोशीहून तिला थेरगावच्या एका लहान दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीणबाई दुर्बिणीनं ऑपरेशन करायची. वयानं माझ्या सुनेएवढी. बायकोच्या पोटावर जुना लांब व्रण होता. तरुणपणी अपेंडिक्स फुटलं तेव्हाचा. बाईनं त्यावर बोट फिरवलं.

"आजी, याच्या आत आतडी चिकटलेली असणार. म्हणून मी बेंबीपाशी भोक पाडणार नाही. डाव्या बरगडीखालून शिरेन, तिथं सहसा मोकळं असतं. आणि फारच गुंता दिसला तर पोट उघडेन."

"उघडायचं न्हाई," मी म्हणालो. "एकदा फाडलंय तेवढं बास."

"ते आत बघून ठरवीन, बाबा. इथं बसून नाही."

माझ्याशी असं कुणी बोलत नाही. मी बायकोकडं बघितलं, तर ती तोंडाला पदर लावून हसत होती.

ऑपरेशन दुपारी आटपायचं होतं, त्याला संध्याकाळ झाली. बाई बाहेर आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली. "पित्ताशय काढलं. पण चिकटलेलं आतडं सोडवताना माझ्या हातून त्याला भोक पडलं. लगेच दिसलं, म्हणून पोट उघडून शिवलं. बाकीचं आतडंही तपासलं. आता फार लक्ष ठेवावं लागेल."

दुसऱ्या दिवशी तिनं हेच बायकोला सांगितलं, खाटेच्या कडेला बसून, काही न लपवता. बायको गोधड्या शिवणारी. म्हणाली, "शिवताना सुई लागतीच की, बाई."

पहिले काही दिवस बरे गेले. मग ताप चढला, नाडी पळायला लागली, पोट टणक झालं. पोटात ठेवलेल्या नळीतून हिरवट पाणी यायला लागलं. बाई म्हणाली, "टाका गळतोय. आत्ताच परत उघडायला हवं. आतडं पोटावर बाहेर काढून पिशवी लावावी लागेल. उशीर झाला तर विष अंगभर जाईल."

तोवर आमची भावकी येऊन ठेपली होती. आमच्यात कुणी दवाखान्यात पडलं की गाड्या भरून माणसं येतात आणि थोरल्याच्या शब्दावर सगळं चालतं. थोरला भाऊ जिन्यात उभा. चाकणच्या बाजारात कांद्याची आडत असलेला त्याचा मुलगा बाह्या सरसावून.

"काका, हिनंच भोक पाडलं आन् परत हिच्याच हातात द्यायचं? काय राव!"

"गाडी खाली लागलीय," भाऊ म्हणाला. "पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं. ठरलं."

"ठरलं कुणाचं?" मी म्हणालो.

"माझं. थोरला कोण हाय?"

बाई म्हणाली, "न्या, मी अडवणार नाही. कागद देते, तिथल्या डॉक्टरशी बोलते. पण वाटेत बीपी पडेल, अशी मला भीती आहे."

आम्ही जिन्यात भांडत राहिलो. किती वेळ, कुणास ठाऊक. शेवटी मी एकटाच आत गेलो. बायकोचे ओठ सुकले होते.

"अवो, काय कालवा चाललाय?"

मी सांगितलं.

"मला कुटं हलवू नका. हिलाच करू द्या. चुकलं तर तोंडावर सांगती ती. मोठ्या दवाखान्यात मला कोण सांगनार?"

मी बाहेर येऊन म्हणालो, "इथंच व्हईल. मी म्हनतो म्हनून." भाऊ जिना उतरला. त्याच्यामागं सगळे.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तिनं पोटावरची पिशवी चाचपली. "आता बाजाराला जाताना पिशवी शोधाय नको," असं हळूच म्हणाली. मी हसलो नाही, त्याचं तिला वाईट वाटलं असावं. पुढं ती फारसं बोलली नाही. लघवी बंद झाली, मशीन लावलं, आणि एका सकाळी ती गेली.

मी बाईला विचारलं, "त्या जिन्यातल्या भांडणानं गेली का?"

"माहीत नाही, बाबा. टाका गळतोय हे मला आदल्या दिवशीच कळायला हवं होतं का, हेही माहीत नाही." ती रडत होती. माझे डोळे कोरडे होते.

इंद्रायणीच्या घाटावर भाऊ आला, पण माझ्याजवळ नाही. चिता पेटल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "ह्याच्या हट्टानं गेली."

तिनं काय सांगितलं होतं ते त्याला तिथंच सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मग भावकी घरोघरी बोलली असती की तिलाच अक्कल नव्हती, आपल्या हातानं मेली. जळणाऱ्या बाईला कोण उत्तर देऊ देणार?

म्हणून म्हणालो, "व्हय. माझाच हट्ट."

तेव्हापासून आम्हा भावांत बोलणं नाही. लोक मला हट्टी म्हणतात ते खरंच आहे. तिला मात्र कुणी काही म्हणत नाही.