विल्सनच्या डॅडींचा बोर्ड

जुन्या कॉम्प्युटरचे बंद पडलेले बोर्ड दुरुस्त करणाऱ्याच्या घरी दोन गोष्टी साठतात, भंगार आणि किस्से. भंगार बायको कधीतरी बाहेर काढायला लावतेच. किस्से कोणी उचलून नेत नाही, म्हणून सांगून टाकतो.

लॉकडाउनमध्ये आम्ही तिघं दर शनिवारी आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, व्हिडिओ कॉलवर बसायचो. मी ब्लॅकटाउनच्या गॅरेजमध्ये, मेलबर्नला ट्रॅम चालवणारी मंजिरी ट्रुगानिनात, आणि विल्सन वॉलॉंगॉंगला. विल्सन मूळचा वसईचा. त्याचे डॅडी तिथे शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी ऐंशीच्या दशकात घेतलेला कॉम्प्युटर विल्सनने इकडे आणला होता, आणि तो कधीचाच बंद पडला होता.

आता डॅडी कोविडमधून उठले होते, पण ऑक्सिजनवर होते आणि बोलायचे बंद झाले होते. त्याआधी त्यांनी एकच मागितलं होतं, तो कॉम्प्युटर एकदा चालू झालेला बघायचाय.

"विमानं बंद आहेत. मी जाऊ शकत नाही, निदान हा तरी चालू करून दाखवतो," विल्सन म्हणाला.

"दोन शनिवारांचं काम," मी म्हणालो. मी नेहमी तेवढंच सांगतो.

*

बिघडलेली चिप बहुतेक वेळा तापते. माझ्याकडे त्यासाठी थर्मल कॅमेरा आहे, पण तो घेऊन वॉलॉंगॉंगला जायला बंदी.

"कॅमेरा कशाला? बोट लाव," मंजिरी म्हणाली. "पोळ्या करताना मी कुठे कॅमेरा लावते?"

विल्सनने एकेका चिपवर बोट ठेवलं. सगळ्या गार. पुन्हा ठेवलं, तरी गार. मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला. पोर्ट केम्बलाच्या पोलादाच्या भट्टीपाशी वीस वर्षं काम केलेलं बोट ते, त्याला चटका काय लागणार! शेवटी त्याच्या बायकोला, फिलोमिनाला बोलावलं. तिसऱ्याच चिपला ती हात झटकत म्हणाली, "ही. आणि आता मला जेवण करू दे."

*

तसली एक चिप माझ्याकडे होती. पोस्टाने पाठवली. "चिपवरची खाच डावीकडे ठेव," एवढं सांगून मी चहा आणायला गेलो.

विल्सन बोर्डाऐवजी स्क्रीनवरच्या स्वतःच्या चित्राकडे बघत बसवत होता, आणि ते चित्र आरशासारखं उलटं, त्यामुळे खाच उजवीकडे गेली. मी परत आलो तर बोर्डातून धूर निघत होता. "स्विच बंद कर!" मी ओरडलो. विल्सन मात्र शांत.

"पांढरा आहे," तो म्हणाला. "नवीन पोप निवडला वाटतं."

बोर्ड वाचला, चिप गेली. त्यानंतर मी चहा आधी घेऊन बसतो.

*

तसलीच दुसरी चिप मंजिरीकडच्या एका मळकट बोर्डावर होती. तिने तो साबण न घालता डिशवॉशरमधून काढला आणि ओट्यावर ठेवून शिफ्टला गेली.

परत आली तर बोर्ड बॅकयार्डमध्ये, जुन्या सुती साडीवर, कुरडयांच्या रांगेत. विमानं बंद म्हणून इथेच अडकलेल्या तिच्या सासूबाई काठी घेऊन मॅगपाय पक्षी हाकत बसल्या होत्या.

"खालची बाजू दमट होती," त्या म्हणाल्या. "दुपारी उलटवला."

इतका कोरडा बोर्ड मी आजवर पाहिला नाही. त्यातली चिप विल्सनकडे गेली.

*

त्या शनिवारी वसईहून विल्सनची बहीण डॅडींसमोर फोन धरून बसली होती. महिनाभरात ते एक शब्द बोलले नव्हते. विल्सनने चिप बसवली, दोनदा तपासली, बटण दाबलं. स्क्रीन उजळली. डॅडींनी स्वतः लिहिलेला पाढ्यांचा प्रोग्राम साठवलेली जुनी कॅसेट लावली, ती पाच मिनिटं किंचाळली आणि रोमन अक्षरांत मराठी उमटलं. 'नाव?'

त्याने लिहिलं, विल्सन.

'सतरा आठे?'

तो भट्टीवरच्या मोठ्या क्रेनचा इंजिनिअर. पण सगळे बघतायत म्हटल्यावर बोटांवर मोजायला लागला. त्याने लिहिलं, एकशे सव्वीस.

'चूक. उभा राहा.'

वसईच्या चौकटीत डॅडींनी हळूच मास्क बाजूला केला.

"वाचलंस ना?" ते म्हणाले. "मग?"

आणि पन्नाशीचा विल्सन खुर्ची मागे सारून उभा राहिला.