एक फूट रेडियम आणि अख्खी भावकी

माझ्या दुकानाच्या पाटीवर तेव्हा एकच ओळ होती : रेडियम फुटाच्या दराने. ती मीच लिहिली होती आणि तिनंच मला बुडवायला घेतलं होतं.

गिऱ्हाइकं मला पेंटर म्हणतात. ब्रश मी एकदाच धरलाय, शाळेत, तोही शेजारच्याचा. माझं काम म्हणजे गाड्यांवर रेडियमची अक्षरं बसवायची. रेडियम म्हणजे रंगीत चिकट कागद. यंत्र त्यावर अक्षरं कापतं आणि मग अक्षरांच्या आजूबाजूचा, पोटातला नको तो भाग चिमट्यानं सोलून काढावा लागतो. कापायला चहा येईपर्यंतचा वेळ पुरतो. सोलायला माणूस लागतो, आणि तो माणूस मी. अक्षर मोठं असलं तर केळ्याच्या सालीसारखं निघतं. बारीक असलं की 'अ'च्या पोटातला तुकडा निघत नाही आणि अनुस्वार जागेवर थांबत नाही. नुसता श्वास सोडला तरी तो उडतो. आजवर चहातून मी इतके अनुस्वार प्यायलोय की माझ्या पोटात एखादी पोथी बिनचूक छापून निघेल.

म्हणजे अक्षर जितकं लहान तितकी माझी मेहनत जास्त आणि पैसे कमी. ही गोम माझ्या लक्षात यायच्या आधी सुभेदारांच्या लक्षात आली.

सुभेदार म्हणजे माधवनगरच्या पुढच्या एका खेड्यातले, फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांची छाती दुकानात आधी यायची, ते मागाहून यायचे. चार भावांनी मिळून ऊस ओढायला नवा ट्रॅक्टर घेतला होता. कारखाना सुरू व्हायच्या आधी त्याची पूजा होती आणि पूजेला भावकीचं जेवण. सामाईक ट्रॅक्टरवर नावं घालायची तर आमच्याकडं सगळ्यांची घालावी लागतात. एखादं राहिलं तर तो माणूस जेवून जातो, पण पुढं बांधावर बोलत नाही. सुभेदारांनी चार भाऊ, पोरं, लेकी, जावई, नातवंडं आणि एक अजून जन्माला न आलेलं पण नाव ठरलेलं, अशी सगळी पलटण सांगितली.

"बोनेटवर घ्यायचं. एका फुटात."

"साहेब, एका फुटात एवढी माणसं उभी तरी राहतील का?"

"उभी कशाला करतोस? नावं बारीक कर. पाटीवर काय लिवलंयस?"

"फुटाच्या दरानं."

"मग फूटभर रेडियम घे आन फूटभराचं पैसं घे. आपलं काम शिस्तीत असतंय."

"ह्याला सोलायला दिवस जाईल साहेब. मजुरी वेगळी पडेल."

"सालपट काढायची कसली रं मजुरी? आमच्या घरातल्या बायका बसल्या बसल्या करत्याल."

दारात आणखी दोन ट्रॅक्टरवाले नंबर लावून उभे होते आणि कान देऊन ऐकत होते. सुभेदारांना त्या दरात काम करून दिलं असतं तर सगळा हंगाम मला त्याच दरात डोळे फोडावे लागले असते. नाही म्हणावं तर पाटी माझीच. मी म्हणालो, "पाठवा बायका."

मला वाटलं, माघार घेतील. फौजी माणूस माघार घेत नाही हे मी विसरलो. सकाळी ट्रॉलीतून चौघी जावा उतरल्या, भाकरीचं फडकं घेऊन. सगळ्यांत थोरली सुभेदारांची बायको. यंत्रातून निघालेला कागद तिनं उजेडाला धरला. अक्षरं अशी की मुंगीला चष्मा लागावा.

"ही तर भांगलण की वं, भाऊ," ती म्हणाली. "पीक ठेवायचं आन तण काढायचं."

चिमटे त्यांनी बाजूला ठेवले. नखानं उपटू लागल्या. भुईमुगाच्या रानात तयार झालेली बोटं ती, त्यांच्यापुढं अनुस्वारसुद्धा वळवळ न करता बसले. भाकरी खाऊन पुन्हा बसल्या. उन्हं कलली तेव्हा धाकट्या जावेनं मान वर केली.

"आक्का, आपण कुठं हाय गं ह्यात?"

चौघींनी कागद पुन्हा चाळला. जावई होते. न जन्मलेलं पोर होतं. चौघींपैकी एकीचंही नाव नव्हतं.

तेवढ्यात सुभेदार न्यायला आले. कागद बघून खूश झाले. माझ्याकडं वळून म्हणाले, "बघ पेंटर. झालं का न्हाई फुकटात?"

"फुकटात कसं?" थोरली म्हणाली. "आमचा रोजगार द्या. चौघींचा."

"अगं, घरचंच काम हाय."

"घरचं असतं तर आमची नावं नसती व्हय? हे दुसऱ्याचं रान. दुसऱ्याच्या रानात कोण फुकट भांगलतंय?"

कालचे दोघे ट्रॅक्टरवाले आज पुन्हा दारात आले होते. ते पाटीकडं बघत गंभीर उभे राहिले. सुभेदारांनी माझ्याकडं पाहिलं. मी यंत्राला तेल घालत होतो. त्या यंत्राला तेल लागत नाही.

चौघींचा रोजगार त्यांनी तिथंच मोजला. मग थोरलीनं चार नावांचा वेगळा कागद सांगितला. "बोनेटच्या दुसऱ्या अंगाला. आन हे भाऊ सोलतील. त्यांना बी आमच्याएवढाच रोजगार."

त्यांनी अक्षरं वीतभर सांगितली. सोलायला असा कितीसा वेळ लागणार? मी प्रामाणिकपणे म्हणालो, अर्ध्या दिवसाचेच द्या. थोरली म्हणाली, "रोजगार म्हंजे पुरा रोजगार. मोडून कोण देतंय?" बायामाणसांपुढं वाद घालायची मला सवय नाही. मी घेतले.

पूजेला मलाही जेवण होतं. बोनेटच्या एका अंगाला भावकीतले पुरुष नाक लावून आपापलं नाव शोधत होते. एका जावयाला तर दुसऱ्याच जावयाचं सापडलं. दुसऱ्या अंगाची चार नावं मात्र रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीचा ड्रायव्हर गाडी हळू करून वाचत होता, आणि वाचून झाल्यावर त्यानं हॉर्न दिला.

सुभेदार माझ्या ताटाशेजारी येऊन बसले. आमटी ओरपली.

"आमची नावं बी जरा मोठी करायची झाली तर," ते हळूच म्हणाले, "मजुरी किती पडंल?"