फोनची लागण

बाबांचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर पीकविम्याचा अर्ज भरायला आलेल्यांची रांग उभी होती. गोंदियात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणं हाच माझा धंदा. आई गेल्यापासून बाबा केशोरीला एकटेच राहायचे आणि फोनमध्ये जरा काही खुट्ट झालं की मलाच विचारायचे.

"बाबू, फोनात वायरस आला म्हणते. 'आपके फोन में वायरस है' असं लाल लाल येऊन राहिलं. घडीघडी वाजते."

"कशाला हात लावला होता?"

"कायलेच नाही. नाटकाचा विडिओ पाहून राहिलो होतो."

झाडीपट्टीतली नाटकं पाहता पाहता ते कुठे भरकटले असतील आणि काय दाबलं असेल, ते मला बसल्या जागी दिसत होतं. माझं डोकं फिरलं. "बंद करून ठेवा तो फोन. मी रविवारी येतो, तोवर चालू करायचा नाही."

त्यांनी विचारलं, "तुह्या आत्याले तं नाही लागणार ना? रोज बोलतो मी तिच्यासंग."

आत्या म्हणजे त्यांची एकुलती एक बहीण, देवरीच्या पलीकडे जंगलपट्टीत दिलेली. कोरोनातून ती वाचली, पण छातीचं दुखणं राहिलंच. चार पावलं चालली की धाप लागायची. वायरस हा शब्द बाबा तेव्हाच शिकले. तिला पाहायला दवाखान्यात गेले, तर जवळ गेलात तर लागण होईल म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं त्यांना. आता दोघांचेही गुडघे गेलेले, त्यामुळे भेट अशी नाहीच. रोज संध्याकाळी पाचला हे फोन लावायचे. बोलणं काय, तर भाजी कोणती केली, पाऊस किती झाला.

त्यांचा गैरसमज मला त्याच क्षणी कळला. हसूही आलं. फोनमधला वायरस माणसाला लागत नाही, एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण सांगितलं की ते फोन चालू ठेवणार, पुन्हा कशावर तरी बोट ठेवणार आणि पुन्हा माझंच डोकं खाणार. मी म्हणालो, "लागू शकते. म्हणूनच म्हणतो, बंद ठेवा."

मला सोयीचं होतं म्हणून बोललो. दुसरं काही कारण नव्हतं.

रविवारी गेलो नाही. अर्जांची मुदत संपत आली होती. पुढच्या रविवारीही नाही. बाबांचे फोन बंद झाले याचं खरं तर मला बरंच वाटत होतं. शेवटी तिसऱ्या रविवारी गेलो. फोन घरात दिसेना. तो बाबांनी पिठाच्या रिकाम्या डब्यात घालून गोठ्यात नेऊन ठेवला होता, घरात नको म्हणून. डबा उघडायच्या आधी मला तोंडाला दुपट्टा बांधायला लावला. मी मुकाट्याने बांधला.

वायरस वगैरे काही नव्हतं. कुठल्याशा वेबसाइटला सूचना पाठवायची परवानगी दिली गेली होती आणि ती भीती घालून एक ॲप घ्यायला लावत होती. मी परवानगी काढून टाकली. दोन मिनिटंही लागली नाहीत. तेवढ्यात मिस्ड कॉलचे मेसेज एकामागून एक येऊ लागले, सगळे आत्याकडच्या नंबरचे.

"झाला साफ?" बाबांनी विचारलं.

"झाला."

"आता बोललो तं तिले काही होणार नाही ना?"

"नाही."

त्यांनी लगेच नंबर लावला. फोन आत्याच्या मुलानं उचलला. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालूच असतो, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"मामा, किती फोन लावले तुम्हाले! माय गेली. बुधवारी माती केली. नाल्याले पूर, कोणाले धाडावं? दादाचा नंबर लावला, तोही बंद." माझा नंबर मी दोन महिन्यांपूर्वी बदलला होता, त्यांना कळवायचं राहूनच गेलं होतं. "शेवटपर्यंत एकच विचारे, भाऊ काऊन बोलत नाही? माह्यावर रागावला का?"

गेल्या रविवारी मी आलो असतो, तर ती होती.

बाबांनी फोन मांडीवर ठेवला. रडले नाहीत. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तू सांगतलं म्हणून बरं झालं, बाबू. नाही तं मले जलमभर वाटलं असतं, माह्याच फोनानं गेली."

मी "हो" म्हणालो.