हो म्हणत म्हणत डायलिसिसपर्यंत

“मॅडम, दोनों किडनी सिकुड गयी है. दर्द की गोली कबसे खा रहे हो?” गोंदियाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट टेबलावर ठेवत विचारलं.

मी आठवून सांगितलं, पाच-सहा वर्षं झाली असतील. सकाळी एक, संध्याकाळी एक. त्यांनी कागदावर लिहिलं, क्रॉनिक किडनी डिसीज. म्हणजे किडन्या हळूहळू निकामी होत जाणं. क्रिएटिनिन हा रक्तातला एक कचरा आहे, तो किडनीने बाहेर टाकायचा असतो. तो एकच्या आसपास असावा, माझा चार होता. ब्लड प्रेशरही वाढलेलं होतं. ते केव्हापासून, हे मला विचारलं तर मी काय सांगणार?

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका होते. गावातल्या गरोदर बायकांच्या पायावर अंगठा दाबून मी सूज पाहायची. खड्डा पडला की दवाखान्यात पाठवायची आणि ऐकलं नाही तर नवऱ्याला बोलावून झापायची. माझ्या स्वतःच्या पायात चपलेचा पट्टा रुतायला लागला, तेव्हा मी एक नंबर मोठी चप्पल घेतली. हसू नका. माझ्यासारख्या पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

अंगणवाडीत संडास नव्हता, म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायची. कंबर भरून यायची, म्हणून किराणा दुकानातली गोळी. गोळी घेतली की काम उरकायचं, आणि माझं उरकतं हे पाहून लोक आणखी काम आणून द्यायचे. मलाही ते आवडायचं, खोटं का बोलू? ‘तुझ्याशिवाय होत नाही’ हे ऐकायची मला चटक लागली होती.

डॉक्टर म्हणाले, “गोली आज से बंद. नमक कम. आराम. संभालोगे तो इसी किडनी पे कुछ साल निकल जायेंगे.” म्हणजे मला मुदत मिळाली होती. हे मी मुद्दाम सांगते.

घरी येऊन चार दिवस झाले नाहीत तर आमच्या पर्यवेक्षिका मॅडमचा फोन. शेजारच्या गावची सेविका बाळंतपणाच्या रजेवर गेली, तिची रजिस्टरं तुम्हीच पाहा, दुसरं कुणी नीट करत नाही. मी हो म्हटलं. पोलिओच्या रविवारी दोन बूथ सांभाळले. पावसाळ्यात रोवण्याला जावेच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, माणसं कमी पडली, तिथेही वाकून धान रोवलं. डॉक्टरांची चिठ्ठी मी मॅडमना दाखवलीच नाही. दाखवली असती तर त्यांना काम दुसऱ्या सेविकेला द्यावं लागलं असतं, आणि ती माझ्याविषयी काय म्हणाली असती, ही मला काळजी.

मग मंडई आली. दिवाळीनंतर आमच्याकडे प्रत्येक गावाचा मंडईचा दिवस ठरलेला असतो. बाजार भरतो, नाटक होतं, आणि गावात घरोघर सोयरेधायरे उतरतात. आलेला माणूस उपाशी गेला तर वर्षभर बोलणं. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं होतं, “पाहुण्याईले सांगून टाकू का, तब्येत बरी नाही म्हणून?”

मीच म्हटलं, “नोको. लोकं काय म्हणतीन?”

दोन दिवस मी वडे तळत होते. पाय खांबासारखे झाले होते. बंद केलेल्या गोळ्या मसाल्याच्या डब्यात लपवल्या होत्या, त्या काढून खाल्ल्या. पाहुणे तृप्त होऊन गेले. तिसऱ्या दिवशी मला दोन पावलं चालून धाप लागायला लागली. आडवं झालं की जीव गुदमरायचा.

नागपूरच्या दवाखान्यात नेलं. क्रिएटिनिन नऊ. फुप्फुसात पाणी साचलेलं. लगेच डायलिसिस केलं, म्हणजे रक्त मशीनमधून गाळून परत शरीरात सोडणं. पुढे हातावर फिस्टुला केला. त्यात रक्ताच्या दोन नळ्या आतून एकमेकींना जोडतात, म्हणजे मशीनच्या सुया लावायला सोपं जातं. तिथे हात ठेवला की थरथर लागते. आठवड्यातून दोनदा चार-चार तास मी त्या खुर्चीत पडून असते. दिवसाला मोजून पाणी. मॅडमचा एकदा फोन आला. रजिस्टरं कुठे ठेवली आहेत, हे विचारायला. पंधरा दिवसांत माझ्या जागी दुसरी बाई काम पाहू लागली होती, आणि चांगलं पाहत होती.

डॉक्टर म्हणाले, ट्रान्सप्लांट करता येईल. म्हणजे दुसऱ्याची किडनी बसवणं. ह्यांना साखरेचा आजार, त्यांची चालत नाही. आईबाप राहिले नाहीत. उरली माझी धाकटी बहीण वंदना. ती सालेकशाकडे दिली आहे, पोरं लहान आहेत. तिचा रक्तगट जुळला. सगळ्या सोयऱ्यांनी एका तोंडाने ठरवून टाकलं, वंदना देते.

वंदना आम्हा दोघींमध्ये जास्त गरीब स्वभावाची. सासरी कुणी हाक मारली की ती हातातला घास ठेवून उठते.

तपासण्या झाल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला आत बोलावलं. देणाऱ्याच्या मनात खरंच आहे का, हे त्या घरच्यांना बाहेर ठेवून विचारतात. मी बाकावर बसून होते. वाचायचं की नाही, ते आत ठरत होतं. ती बाहेर आली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “हो म्हटलं, बाई.” मला ती बाई म्हणते, आमच्याकडे मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात.

तो ‘हो’ मी ओळखला. तो माझाच होता. मॅडमना, जावेला, पाहुण्यांना मी तोच तर देत आले होते. तरीही गप्प बसावं असं मला वाटलं. खूप वाटलं. गप्प बसले असते तर कदाचित मी बरी झाले असते.

“वंदे, तुले खरंच द्यायची हाय का?”

“तू म्हणशीन तसं.”

“मी नाही सांगून राहिली. तू सांग.”

ती रडायलाच लागली. “भेव लागते, बाई. पोट्टे लहान हायेत. पण तुले नाही कसं म्हणू?”

“म्हण.”

“कायले म्हणायला लावतेस?”

“म्हण, वंदे.”

तिने मान खाली घातली आणि म्हणाली, “नाही.”

मी काही देवी नाही. एक क्षण तिचा रागही आला. मग मी तिला जवळ घेतलं आणि दोघी तिथेच रडलो.

मी आत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “घरी तिला त्रास होणार असेल तर तिची किडनी तपासणीत बसत नाही, एवढंच मी घरच्यांना सांगते.” त्यांचे उपकार फार. पण सोयऱ्यांच्या फोनला तेवढं उत्तर पुरलं नसतं. दुसरीकडे तपासू, मोठ्या दवाखान्यात नेऊ, असं म्हणत त्यांनी वंदनाला पुन्हा उभं केलं असतं.

हे औषधं घेऊन आले आणि विचारलं, “काय झालं? कधीची तारीख देली?”

“देली नाही. मीच नाही म्हटलं. मले तिची किडनी नोको.”

“काऊन? येडी झाली का तू?”

ते ओरडले. लोक पाहायला लागले. मग ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलत होते. गावाकडून एकेकाचा फोन येत गेला, आणि मी प्रत्येकाला तेच सांगितलं, मले नोको. वंदना शेजारी बसून ऐकत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.